बांग, भोंगा आणि शेजारधर्म

ठाणें येथें १२ एप्रिल २०२२ रोजीं झालेल्या जाहीर सभेंत श्री. राज ठाकरे यांनीं मशिदींवरील भोंगे ३ मेच्या आंत उतरविले पाहिजेत, नाहींतर मशिदींसमोर हनुमानचालिसा लावण्यांत येईल, असा जो इशारा दिला, तो आमच्या वाचकांच्या स्मरणांत असेलच. पुढें ३ मे आला. रमजान ईदहि त्याच दिवशीं झाली. दुसऱ्या दिवशीं पहांटे कित्येक मशिदींतून भोंग्यावांचून बांग झाली. पोलिसांनीं पुष्कळांस नोटिसा दिल्या, कांहींस ताब्यांत घेतलें. आणि मग दुसरें प्रकरण निघतांच पुढारी व पत्रकार तिकडे वळले. एवढ्या गदारोळांत भोंग्यांची मोजदाद झाली, आवाजाची मापें झालीं, कायद्याचीं कलमें निघालीं. परंतु ज्या उपासनेच्या नांवावर हें सर्व चाललें होतें ती उपासना काय आहे, तिला भोंगा लागतो कीं नाहीं, हें मात्र ना आरोळी ठोकणारांनीं विचारलें, ना भोंग्यासाठीं हट्ट धरणारांनीं सांगितलें. तो प्रश्न आज आम्ही विचारणार आहों.

कल्याण-ठाण्याच्या हिंदु गृहस्थाला इस्लामची ओळख नाहीं असें नव्हे. माघी पौर्णिमेला हाजी मलंगाच्या उरुसास डोंगर चढून जाणाऱ्यांत हिंदूंची संख्या थोडी नसते, आणि तेथील वहिवाटींत केतकर या ब्राह्मण घराण्याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हात आहे, हें सर्वश्रुत आहे. (त्या स्थानाच्या नांवावरून व मालकीवरून चाललेल्या वादांत आज आम्ही शिरत नाहीं.) पण नवस बोलून चादर चढविणारा हाच गृहस्थ आपल्या घराजवळच्या मशिदीचा उंबरा जन्मांत एकदांहि ओलांडीत नाहीं. डोंगरावरचा पीर त्याच्या परिचयाचा आहे, बाजारांतला नमाजी नाहीं. दुकानाला दुकान लागून तीस तीस वर्षें व्यापार केलेल्या माणसास, शेजारचा मेमन वा कोंकणी मुसलमान दुपारीं दहा मिनिटें गादीवरून उठून जातो तो नेमकें काय करतो, असें विचारलें, तर 'नमाज पढतो' यापलीकडे उत्तर येत नाहीं. ही स्थिति आम्हांस लाजिरवाणी वाटते.

तो काय करतो तें सांगतों. प्रथम तो पाण्याजवळ बसून मनगटापर्यंत हात धुतो, चूळ भरतो, नाकांत पाणी घेतो, तोंड धुतो, कोंपरापर्यंत हात धुतो, ओला हात डोक्यावरून फिरवितो आणि घोट्यापर्यंत पाय धुतो. याला वजू म्हणतात. पाणी मिळालेंच नाहीं तर स्वच्छ मातीवर हात टेकून ते तोंडावरून व हातांवरून फिरविले तरी चालतात. नंतर मक्केकडे, म्हणजे आपल्या प्रांतांतून सामान्यतः पश्चिमेकडे, तोंड करून तो उभा राहतो. अरबी वचनें म्हणतो, कमरेंत वांकतो, पुन्हां उभा राहतो, मग कपाळ व नाक जमिनीला लावतो, बसतो, पुन्हां कपाळ टेकतो. या एका आवर्तनास रकात म्हणतात. फजर, जोहर, असर, मगरिब व इशा अशा दिवसाच्या पांच नमाजांत अनुक्रमें दोन, चार, चार, तीन व चार, मिळून सतरा रकाती फर्ज म्हणजे अवश्य आहेत, बाकीच्या ऐच्छिक. म्हणजे नुसतें अवश्य तेवढेंच करणारा मनुष्यहि दिवसांतून चौतीस वेळां आपलें कपाळ जमिनीस लावतो. आजाऱ्यानें बसून करावी, बसवत नसेल तर पडल्या पडल्या खुणेनें करावी. प्रवाशास चार रकातींच्या ठिकाणीं दोन पुरतात. मूर्ति नाहीं, नैवेद्य नाहीं, दक्षिणा नाहीं. जमातीच्या नमाजेला पुढें उभा राहणारा इमाम हा जन्मानें ठरलेला पुरोहित नव्हे, नमाज नीट येणारा कोणीहि प्रौढ पुरुष तें काम करूं शकतो. रांगेंत मालकाच्या खांद्याला त्याच्या हमालाचा खांदा लागलेला असतो. आमच्या समाजांत पंक्तिभेद मोडण्यासाठीं ज्यांनीं आयुष्यें वेंचलीं त्यांना ही रांग नुसती पाहूनहि समाधान झालें असतें; मात्र मुसलमानांतहि जातीजमातींचे भेद मशिदीच्या पायरीवर पुन्हां पायांत चढविले जातात, हें सांगितल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

आतां आवाजाचें पाहूं. जोहर व असर या दिवसाच्या दोन नमाजांत इमामसुद्धां वचनें मनांतल्या मनांत म्हणतो. मशीद भरलेली असूनहि आंत कपड्यांच्या सळसळीखेरीज ऐकूं येत नाहीं. फजर, मगरिब व इशा यांत तो मोठ्यानें म्हणतो, तेंहि मागच्या रांगांना ऐकूं जावें इतकेंच. कुराणाच्या सतराव्या अध्यायांत तर प्रार्थनेचा आवाज फार चढवूं नये व फार दाबूंहि नये, मधला मार्ग धरावा, असा स्पष्ट उपदेश आहे. तेव्हां रस्त्यापलीकडच्या माडीवर जी ऐकूं येते ती नमाज नव्हे, बांग होय. बांग म्हणजे नमाजेची वेळ झाल्याची हांक; आणि या हांकेचा जो इतिहास मुसलमानांच्या परंपरेंत सांगितला जातो तो आजच्या वादांत फारच बोधक आहे. पैगंबर महंमद ६२२ सालीं मदिनेस आल्यानंतर लोकांस नमाजेस एकत्र कसें बोलवावें, हा विचार निघाला. कोणी म्हणाले, यहुद्यांप्रमाणें शिंग फुंकावें. कोणी म्हणाले, ख्रिस्त्यांप्रमाणें घंटानाद करावा. या दोन्ही सूचना बाजूस राहिल्या, आणि माणसाच्या कंठानें हांक द्यावी असें ठरलें. तें काम बिलाल या गृहस्थाकडे आलें. हा हबशी, एके काळचा गुलाम. त्याचा आवाज गोड होता. शिंग नको, माणूस हवा, हा जो निर्णय त्या दिवशीं झाला तो सुमारें तेराशें वर्षें सर्व इस्लामी जगानें पाळला. आज आमच्या कित्येक मशिदींच्या मनोऱ्यांवर चार दिशांना चार तोंडें करून बसलेला भोंगा दिसायला कशासारखा दिसतो? शिंगासारखाच!

हें यंत्र मशिदींत आलें तें विसाव्या शतकांत. सिंगापूरच्या सुलतान मशिदींत १९३६ च्या सुमारास तें बसविलें गेल्याची नोंद आहे. हिंदुस्थानांत तें आलें तेव्हां त्याला पहिला विरोध कोणी केला असेल तर तो हिंदूंनीं नव्हे, उलेमांनीं. नमाजेंत ध्वनिवर्धक वापरल्यास नमाज शुद्ध होते कीं नाहीं, यंत्रांतून निघालेला आवाज इमामाचा मानावा कीं यंत्राचा, यावर गंभीर चर्चा झाली, आणि कित्येक नामांकित विद्वानांनीं आरंभीं तो वर्ज्य ठरविला. पुढें मतें बदललीं. म्हणजे जी वस्तु आजोबांच्या काळीं संशयास्पद होती ती नातवाच्या काळीं धर्माचें अंग होऊन बसली! यांत मुसलमानांस हंसण्याचें आम्हां हिंदूंस कारण नाहीं. गणपतीच्या मिरवणुकींत छातीचा ठोका चुकविणाऱ्या ध्वनिभिंती कोणत्या पुराणांत सांगितल्या आहेत, हें कोणी शास्त्री आम्हांस दाखवील तर आम्ही त्याचे ऋणी होऊं.

कायद्याचें म्हणणें तर दोघांसहि एकच आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें लेखी परवानगीवांचून ध्वनिक्षेपक लावतां येत नाहीं; रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर तो मुळींच चालत नाहीं; वस्तीच्या भागांत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबल आहे. सण-उत्सवांसाठीं सरकारास वर्षांतून पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देतां येते, अधिक नाहीं. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें मद्रासच्या एका ख्रिस्ती प्रार्थनामंदिराच्या खटल्यांत, इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी असें कोणताहि धर्म सांगत नाहीं, असा निर्वाळा दिला. मुंबई उच्च न्यायालयानें २०१६ च्या ऑगस्टमध्यें तेंच तत्त्व आमच्या भागाला लागू केलें. त्या वेळीं न्यायालयापुढें नवी मुंबईंतील मशिदींच्या भोंग्यांविरुद्ध एका रहिवाशाचा अर्ज होता, आणि उत्सवांतील गोंगाट व रस्ते अडविणारे मंडप यांविरुद्ध ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांचाहि अर्ज होता, ही गोष्ट दोन्ही पक्षांचे वकील सोयीनें विसरतात. २३ जानेवारी २०२५ रोजीं कुर्ल्याच्या रहिवाशांच्या अर्जावर याच न्यायालयानें, ध्वनिक्षेपक हा कोणत्याहि धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे, असें पुन्हां बजावलें, आणि तक्रार करणाराचें नांव फोडूं नये असें पोलिसांस सांगितलें. हा शेवटचा आदेश आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. कारण आवाजानें जो त्रासतो तो बहुधा शेजारींच राहतो, आणि शेजाऱ्याविरुद्ध नांव देऊन तक्रार करणें म्हणजे काय, हें चाळींत राहिलेला प्रत्येक जण जाणतो.

या नियमाचा प्रत्यक्ष अर्थ काय होतो, हें घड्याळ पुढें ठेवून पाहावें. पांचांपैकीं चार बांगांना रात्रीच्या बंदीची बाधा होतच नाहीं; इशाची वेळ आपल्याकडे भर उन्हाळ्यांतहि दहाच्या बरीच आधीं लागते. अडचण एकट्या फजरची. ठाण्यास जूनमध्यें फजरची वेळ पहांटे पावणेपांचच्याहि आधीं सुरू होते आणि सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. म्हणजे त्या दिवसांत सहापूर्वींच बांग व नमाज दोन्ही उरकलीं पाहिजेत. जानेवारींत मात्र फजर सहाला पांच-दहा मिनिटें असतांना लागते व सूर्य सव्वासातला उगवतो. तेव्हां थोडें थांबलें तर बांगहि कायद्यांत बसते. सारांश, सर्व भांडण वर्षाचे कांहीं महिने, दिवसांतून एकदां, तीन-चार मिनिटें चालणाऱ्या एका हांकेपाशीं येऊन ठेपतें. एवढ्यासाठीं शहरें पेटवावयाचीं काय?

आमच्या मुसलमान बांधवांस आमचें स्पष्ट सांगणें आहे कीं, ती एक हांक त्यांनीं कोणी धमकी देण्याची किंवा पोलिसांनीं शिडी लावण्याची वाट न पाहतां आपण होऊन भोंग्यावरून उतरवावी. पहांटेच्या बांगेंत झोपेपेक्षां नमाज बरी अशा आशयाचें एक वाक्य अधिक असतें. ज्याला नमाज पढावयाची आहे त्याला तें सांगणें योग्यच. परंतु रात्रपाळी करून साडेतीनला घरीं आलेल्या कामगारास, तापानें फणफणणाऱ्या मुलास, परीक्षेच्या मुलीस तें शंभर घरांवरून ओरडून सांगणें हें त्या वाक्याच्या हेतूंतहि नाहीं. हें मूल व ही मुलगी मुसलमानहि असतील. राबोडी, मुंब्रा, कौसा येथें तर बहुधा तींच असतील, आणि तेथें तक्रार करण्याचें धैर्य त्यांच्या घरच्यांना अधिकच कठीण. घड्याळ घरोघर आहे, मोबाईल हातोहात आहे. २०२५ च्या जूनमध्यें मुंबईंतील कांहीं मशिदींनीं मोबाईलवरूनच बांग पोंचविण्याची सोय केली, ती आमच्या भागांतहि सहज होईल. दिवसाच्या चार बांगांस मनोऱ्यावरच्या कर्ण्याऐवजीं आंतल्या भिंतीवर एक लहान पेटी बसविली तर नमाजेंत तिळमात्र उणें पडणार नाहीं. आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसास समजत नाहीं ती अशी कीं, असरची बांग एका मशिदींतून झाल्यावर तासाभरानें दुसरींतून पुन्हां कां होते? कारण कल्याण, भिवंडी, ठाणें येथील कोंकणी मुसलमान हे शाफई पंथाचे, आणि उत्तरेकडून आलेले बहुतेक हनफी. शाफई लोक वस्तूची सांवली तिच्या लांबीइतकी वाढली कीं असर मानतात. हनफी ती दुप्पट होईपर्यंत थांबतात. शास्त्राचा हा जुना भेद आहे व तो चालूं द्यावा. परंतु दोन्हीकडच्या हांका यंत्रावर चढविल्या म्हणजे शेजाऱ्यास तो आडमुठेपणा वाटतो. त्याला हा खुलासा कोणीं कधीं केला काय?

येथें प्रसंगानें एक गोष्ट बोलतों. फर्ज नमाज पुरुषाइतकीच स्त्रीवरहि आहे. पुण्याच्या एका दांपत्यानें २०१९ सालीं मशिदींत स्त्रियांस प्रवेश मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला, त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेंच, स्त्रियांस मशिदींत येऊन नमाज पढण्याची मोकळीक आहे, असें २०२० च्या जानेवारींत शपथेवर सांगितलें. मोकळीक आहे, पण दार व जागा कोठें आहे? बाजारास आलेली किंवा नोकरीवरून परतणारी स्त्री कल्याण स्टेशनाजवळ वजू करून नमाज पढूं म्हणेल तर तिनें कोणत्या मशिदींत शिरावें? मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना करणारे हमीद दलवाई १९७७ सालींच गेले. त्यांचीं सर्व मतें न पटणाऱ्यांनींहि निदान एवढा प्रश्न आपापल्या मशिदींच्या विश्वस्तांस विचारावा. भोंग्यावर होणाऱ्या खर्चांत एक पडदा, एक नळ व एक निराळें दार निश्चित होईल.

'आम्हांलाच कां सांगतां?' असें ते म्हणतील, आणि या प्रश्नांत खोटें कांहीं नाहीं. आमच्या हिंदु वाचकांनीं तो ऐकून घेतला पाहिजे. भोंग्याविरुद्ध ज्यांस एकाएकीं शांततेचा पुळका आला त्यांपैकीं किती जण नवरात्रांत दहानंतर आपल्या गल्लींतला ढोल थांबवावयास गेले? २०२२ च्या मे महिन्यांत नियमाची अंमलबजावणी कडक होतांच शिर्डीच्या साईमंदिरांतील पहांटेची काकड आरतीहि ध्वनिक्षेपकावर बंद ठेवावी लागली, तेव्हां दुसऱ्याच्या मनोऱ्यावर उगारलेली कुऱ्हाड आपल्या कळसाकडेहि वळते, हें पुष्कळांस प्रथम कळलें. हनुमानचालिसा ही ज्यांची नित्याची उपासना आहे ते ती घरीं म्हणतात. शेजाऱ्यास डिवचण्यासाठीं ती रस्त्यांत लावणें म्हणजे तिला हत्यार करणें होय, आणि त्या हत्याराची धार आम्हीं पाहिली आहे. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालांत नमूद आहे कीं, १९९२ च्या डिसेंबरअखेर मुंबईंत रस्त्यावरील नमाजेस उत्तर म्हणून महाआरत्या सुरू झाल्या, आणि कांहीं आरत्यांहून परतणाऱ्या जमावांनीं दंगे केले. जानेवारींत मुंबईंतून उठलेलीं हजारों मुसलमान कुटुंबें मुंब्र्यास येऊन राहिलीं. आज तें गांव दाटीनें गुदमरत आहे, शुक्रवारीं रांगा मशिदीबाहेर येतात, आणि आपण त्या रांगांवरून पुन्हां भांडतों! यास उपाय नाहीं असें नाहीं. एकाच मशिदींत थोड्या थोड्या अंतरानें दोन जमाती कित्येक ठिकाणीं होतात; त्या सर्वत्र कराव्या, आणि वस्ती वाढते तेथें प्रार्थनास्थळास रीतसर जागा देण्यांत नगरपालिकांनीं हात आंखडता घेऊं नये.

आवाजावरून भांडण्याचा हा रोग नवा नाहीं. ११ ऑगस्ट १८९३ रोजीं शुक्रवारच्या नमाजेनंतर मुंबईच्या जुम्मा मशिदीजवळ दंगा उसळला. त्यानंतर मशिदीवरून वाजतगाजत जावें कीं न जावें, या प्रश्नावर मराठी पत्रांनीं पिढ्यान्‌पिढ्या रकाने भरले. त्या वेळीं वाद्य हिंदूचें व कान मुसलमानाचे होते. आज यंत्र मुसलमानाचें व कान हिंदूचे. पक्ष उलटले, युक्तिवाद तेच राहिले. पण याच किनाऱ्यावर याहून जुनी अशी दुसरीहि एक रीत होती. ९१६ च्या सुमारास चौलास आलेला अरब प्रवासी मसूदी लिहून गेला आहे कीं, बल्हारा राजाच्या, म्हणजे राष्ट्रकूटांच्या, मुलखांत मुसलमानांस मान आहे व पांच वेळां नमाज पढण्यास त्यांच्या मशिदी आहेत. आणि चिंचणी येथें सांपडलेल्या ९२६ सालच्या ताम्रपटांत काय आहे? राष्ट्रकूटांच्या वतीनें संजाणचा कारभार पाहणारा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी. त्यानें नदी उतरण्यास फुकट तर व भुकेल्यांस अन्नछत्र घातलें, आणि त्याच्याच कारकीर्दींत देवीच्या मठास जमिनीचें दान झालें. चिंचणी आज पालघर जिल्ह्यांत असली तरी २०१४ पर्यंत ती ठाणें जिल्ह्यांतलीच. हजार वर्षांपूर्वींच्या ठाणेंकरांस जें साधलें तें आम्हांस साधूं नये, असें यंत्रांत आहे तरी काय?

आणि साधतें असाहि दाखला जवळच आहे. भिवंडींत १९७० च्या व पुन्हां १९८४ च्या मे महिन्यांत जें झालें तें आठवलें तर आजहि अंगावर कांटा येतो. १९८८ पासून तेथें पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनीं मोहल्ला समित्या उभ्या केल्या. समित्यांत पुढाऱ्यांऐवजीं गल्लींतले दुकानदार, मागवाले, शिक्षक घेतले, त्यांना नेमानें एकत्र बसविलें, आणि नळावरच्या भांडणापासून मिरवणुकीच्या मार्गापर्यंत सर्व तेथेंच बोलून घेतलें. १९९२-९३ सालीं मुंबई जळत असतांना भिवंडी शांत राहिली. हें कोणत्या सभेनें अथवा इशाऱ्यानें झालें नाहीं. २०२३ सालीं अनंत चतुर्दशी व ईद-ए-मिलाद हीं दोन्ही २८ सप्टेंबरला आलीं, तेव्हां मुंबईच्या मुसलमान पुढाऱ्यांनीं आपली मिरवणूक दुसऱ्या दिवशीं नेली व सरकारनें सुट्टीहि हलविली. एक दगड पडला नाहीं, म्हणून वर्तमानपत्रांनींहि त्याची फारशी दखल घेतली नाहीं.

आमची सूचना लहान आहे. ठाणें व कल्याण येथें वॉर्डावॉर्डांतून अशा समित्या पुन्हां जिवंत कराव्या, आणि गणेशोत्सवाचे मंडप उभे राहण्यापूर्वीं त्यांची पहिली बैठक व्हावी. बैठकींत एका बाजूस मशिदींचे विश्वस्त, दुसऱ्या बाजूस मंडळांचे कार्यवाह, मधें आवाज मोजण्याचें यंत्र घेऊन पोलीस अधिकारी, आणि शेजारच्या इमारतींतील दोन-चार सामान्य माणसें असावींत. त्यांत एखादी रुग्णालयांतली परिचारिका असली तर फारच बरें. मशिदींनीं वर्षभराच्या नमाजांच्या वेळांचा तक्ता, शाफई व हनफी दोन्ही असरांसह, मराठींत छापून आणावा. मंडळांनीं आपल्या पंधरा दिवसांचा आणावा. दोन्ही तक्ते एकाच फळ्यावर लावावे. आणि बैठक संध्याकाळची असेल तर मगरिबच्या वेळीं ती पंधरा मिनिटें थांबवावी. ज्यांस नमाजेस जावयाचें आहे ते जातील, आणि बाकीच्यांपैकीं कोणास त्यांच्यामागून जाऊन मशिदींत शेवटच्या रांगेच्या मागें बसून पाहावेंसें वाटलें तर विश्वस्तांनीं त्यास आंत घ्यावें.